मारियुनच्या दारातलं कडवं

मी एक पोवाडा बोलतोय. लगेच डफ आणि तुणतुणं शोधू नका. आमच्या फेरो बेटांवर वाद्य नसतं. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात, दोन पावलं पुढे नि एक मागे अशी घरभर फिरतात, आणि फळ्यांवर पडणारी पावलं हाच आमचा ताल.

राजेरजवाड्यांचे, राक्षस मारणाऱ्या वीरांचे पोवाडे असतात ना, ते माझे थोरले भाऊ. मी चेष्टेचा पोवाडा. गावात कुणी वेडेपणा केला की माझ्यासारखा एखादा जन्माला येतो. भावकीत मला कुणी मोजत नाही, पण भाऊ सुरू झाले की म्हातारे डुलक्या घेतात आणि मी सुरू झालो की तेच म्हातारे ताठ उभे राहतात, हेही खरं आहे.

आणि मी वैतागलोय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा सूर चढला तर वाईट वाटायला नको. माणसं गातात, पण गाताना ऐकत नाहीत. आपण काय बोलतोय याकडे तोंडाचं लक्ष नसतं, सगळं लक्ष पुढच्या हशाकडे. जन्मापासून मी हेच सोसतो आहे.

माझा जन्म टुम्मसमुळे झाला. स्कोरावीक गावचा हा टुम्मस तिशी ओलांडलेला, हाडापेराने मजबूत, स्वभावाने मात्र लाजाळू. मेंढरांशी तासन्‌तास बोलेल, बाई दिसली की जिभेला कुलूप. खाडीपलीकडच्या एयरनेस गावातली एल्स्पा त्याच्या मनात भरली होती. तिला मागणी घालायचं ठरवायला त्याला दोन उन्हाळे लागले. काय बोलायचं ते त्याने डोंगरावर मेंढ्यांना म्हणून दाखवून पाठ केलं.

शेवटी एका शरदातल्या सकाळी चांदीच्या गुंड्यांची बंडी घालून, वाऱ्यावर वाळवलेली मेंढीची एक आख्खी तंगडी काखेत मारून, तो एकटाच होडीत बसला. ही तंगडी होणाऱ्या सासूसाठी होती. अर्ध्या खाडीत धुकं उतरलं. आमचं धुकं म्हणजे हातातलं वल्हं दिसू नये असं. त्यात भरती-ओहोटीचा ओघ उलटला, होडीचं तोंड गपचूप फिरलं, आणि हा गडी खाली मान घालून, भाषण घोकत, वल्हवतच राहिला.

कधीतरी होडी गोट्यांना घासली. टुम्मसने देवाचे आभार मानले आणि चढून पहिलं घर गाठलं. आत खिडकी नव्हतीच, छपरातल्या भोकातून येईल तेवढाच उजेड, आणि त्या दिवशी तिथूनही धुकंच येत होतं. धुरात एक बाई लोकर विंचरत बसली होती. टुम्मसने टोपी काढली, नजर जमिनीला लावली, आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

ती बाई होती मारियुन. स्कोरावीकचीच. ओघाने त्याला आमच्याच गावाच्या मागच्या खाचेत आणून टाकलं होतं. तिथे कुणी होडी लावत नाही, तिथे फक्त मारियुन विधवेचं एकटं घर आहे. तिने पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला. पण कोंबडा आपणहून पातेल्यात येऊन बसला, तर त्याला हुसकावणार कोण? तिने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"छान बोललास," मारियुन म्हणाली. "तंगडी त्या खुंटीला अडकव. जाताना दार ओढून घे. आणि आईला म्हणावं, माझी लोकरीची फणी परत पाठव, तीन महिने झाले."

टुम्मसने मान वर केली. "मारियुनकाकू?"

"नाहीतर कोण? तुझी सासू?"

"काकू, पाया पडतो. कुणाला सांगू नका."

"मी? मी कुणाला सांगतेय बाबा!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आत मिक्यालला ठाऊक झालं. मिक्याल म्हणजे गावात पोवाडे धरणारा, साखळीच्या पुढे राहून पहिली ओळ उचलणारा. पाय फेंगडे, जीभ सरळ. तंगडीतला एक तुकडा चघळत त्याने मारियुनकडून सगळं दोनदा वदवून घेतलं, मग मेंढवाड्याची भिंत रचता रचता मला रचलं. धुकं घातलं, ओघ घातला, प्रत्येक कडव्यामागे 'वल्हव गड्या, वल्हव, काठ आला जवळ' असं पालुपद लावलं. टुम्मसच्या भाषणाला मात्र त्याने फारसा हात लावला नाही. त्यात हसण्यासारखं आयतंच आहे, असं त्याला वाटलं.

*अर्धी होडी, थोड्या मेंढ्या, गवत पुरतं वर्षाला,*
*रागात हात उठत नाही, विचारा माझ्या आईला.*
*दमून येईल लेक तुमची, पाणी मी आणीन,*
*निजेल तेव्हा चुलीमधला विस्तव मी राखीन.*

अर्धी होडी म्हणजे होडीतला निम्मा वाटा. आता सांगा, यात हसायचं काय आहे? पण हसायची सोय मिक्यालने पुढच्या कडव्यात केली. मारियुन जे बोलली ते त्याला फिकं वाटलं, म्हणून फणी काढून त्याने गाय घातली.

*मारियुन म्हणे, लेक कुठली? गाय उभी गोठ्यात,*
*तिला विचार, हो म्हणाली तर ने बसवून होडक्यात!*

"मी असं बोललेच नव्हते," मारियुन सगळ्यांना सांगायची, आणि मग पुन्हा म्हणायला लावायची.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा नाचलो. आमची एक रीत आहे. ज्याच्यावर पोवाडा रचला त्यालाच साखळीत घ्यायचं, आणि त्याने पळू नये म्हणून दोन बाजूंनी दोन दांडग्यांनी त्याचे हात धरायचे. पोवाडा संपेपर्यंत सोडायचं नाही. टुम्मसला हेडिन आणि त्याच्या भावाने धरलं. पक्षी पकडायला कड्यावरून माणसं सोडायची नि दोराने वर ओढायची, हे त्या दोघांचं काम, तेव्हा पकड कशी असेल बघा.

"सोड रे हेडिन! तुला शपथ आहे!"

"नाच की लेका, तुझीच वरात आहे!"

तो जितका ओढाओढी करेल तितका माझा जय. त्याने हसून साथ दिली असती तर मी त्या रात्रीच मेलो असतो. चेष्टेचा पोवाडा माणसाच्या रागावर जगतो. टुम्मस लालबुंद झाला, त्याच्या बंडीची एक गुंडी तुटली, आणि गावाने मला पास केलं. तेव्हा मला आनंद झाला होता. लपवून काय करायचं?

माझा वैताग सुरू झाला तो त्यानंतर. खाडी ओलांडायला टुम्मसला जमलं नव्हतं, मला एका आठवड्यात जमलं. आमची सहा पोरं एयरनेसला नाचाला गेली आणि मला तोंडात घेऊन गेली. तिथेही तेच. धुक्याची कडवी घाईघाईने उरकली, भाषण तर जांभया देत म्हटलं, आणि सगळे गायीची वाट बघत बसले. अरे, मग बाकीचा मी काय झाडाला लागलो होतो?

पण त्या घरात एक जण हसली नाही. एल्स्पा. मिक्यालने माझ्यात तिचं नाव घातलं नव्हतं, नुसती 'एयरनेसची लेक' म्हटलं होतं. गावाने नाव केव्हाच ओळखलं होतं. सगळे तिच्याकडे बघून डोळे मिचकावत होते. तिचा बाप योआकिम मान खाली घालून पावलं आपटत होता. पोवाडा संपल्यावर ती आमच्या पोरांना म्हणाली, "ते विस्तवाचं कडवं पुन्हा म्हणा."

"गायीचं ना?"

"विस्तवाचं म्हटलं मी. कान विकून आलात का?"

पोरांना वाटलं, हिलाही चेष्टेची चटक लागली. त्यांनी म्हटलं. ती ओठ हलवत ऐकत राहिली. दुसऱ्या दिवसापासून दूध काढताना ती तेवढंच गुणगुणायची, मला मधूनच तोडून, मागचं-पुढचं सोडून. माझ्या सबंध आयुष्यात एवढं नीट मला कुणी ऐकलं नव्हतं.

आणि हे टुम्मसला सांगायचं कसं? मी रोज त्याच्या कानावर पडत होतो. पोरं मला वाटेवर म्हणायची, बायका लोकर विंचरताना म्हणायच्या. त्याच्यासाठी माझ्याकडे केवढी बातमी होती! पण पोवाड्याला आपल्या कडव्यांबाहेर एक अक्षर बोलता येत नाही. 'टुम्मस, तिने विस्तवाचं कडवं पुन्हा मागितलं' असं मला ओरडावंसं वाटायचं, आणि तोंडातून निघायचं काय, तर गाय उभी गोठ्यात. डोकं असतं तर आपटून घेतलं असतं.

इकडे त्याची आई मागे लागली होती. "जा की रे पुन्हा. आता आकाश निवळलंय."

"कुठल्या तोंडाने जाऊ आई? दारात उभा राहिलो की तिच्या घरची शेंबडी पोरंसुद्धा गाय म्हणतील."

"म्हणू देत. गाय काय अंगावर येते?"

"तिला ऐकावं लागेल ना ते. माझ्यापायी तिला का हसं करू?"

म्हणजे बघा. तिला त्रास नको म्हणून हा जात नव्हता, आणि तो येईना म्हणून ती समजली की त्याने नाद सोडला. मध्ये मी, दोघांनाही पाठ असलेला आणि दोघांच्याही उपयोगाचा नसलेला. त्यातच बंदरावरच्या पेढीतल्या एका कारकुनाने एल्स्पाला मागणी घातली. योआकिमला तो पसंत होता. उपासकाळ लागायच्या आधीच्या शेवटच्या नाचाला सोयरीक जाहीर करायची असं ठरलं. उपासकाळ लागला की आमच्याकडे नाच बंद, आणि नाच बंद झाला की मी ईस्टर उलटेपर्यंत मुका.

तो शेवटचा नाच त्या वर्षी स्कोरावीकला होता. एयरनेसच्या दोन होड्या आल्या. योआकिम आला, एल्स्पा आली, गळ्याला कडक पट्टी लावून कारकूनही आला. टुम्मस घरात दडून बसला होता. हेडिन आणि त्याचा भाऊ त्याला आणायला गेले, तेव्हा दार त्याच्या आईनेच उघडलं. "न्या त्याला," ती म्हणाली. "बूट मी घालून देते."

वीरांचे पोवाडे झाले. म्हातारे बसले. मग हशा पिकायला लागला आणि मिक्यालने मला उचललं. साखळी खोलीत मावत नव्हती, वेटोळी घेत होती, त्यामुळे माणसं एकमेकांच्या समोरून जात होती. टुम्मस दोन दांडग्यांमध्ये, डोळे मिटून. एल्स्पा एका बाजूला बापाचा नि दुसऱ्या बाजूला कारकुनाचा हात धरून. कारकुनाचं पाऊल चुकत होतं. माझा ताल बिघडवला मेल्याने.

धुकं झालं, ओघ झाला. भाषण झालं, नेहमीसारखं, कुणी न ऐकता. 'विस्तव मी राखीन' झालं. सगळ्यांनी गायीसाठी छाती भरून श्वास घेतला. मिक्यालही थांबला जरासा, मजा वाढवायला.

आमच्याकडे जो आधी ओळ उचलेल त्याची ओळ. मग तो कुणीही असो, साखळीने ती उचलायची आणि शेवटचा भाग दोनदा म्हणायचा. ही रीत मिक्यालला सगळ्यांहून जास्त ठाऊक होती. तरी थांबला. आणि त्या थांब्यात एल्स्पाने माझी चाल धरली.

*गोठ्यात कशाला शोधता तिला? लेक उभी रिंगणात,*
*विस्तव राखीन म्हणाला ना तो? हात दिला हातात!*

पावलं थांबली नाहीत. पावलं थांबवायची नसतात. आणि घरभर माणसांनी, तोंडाला सवय म्हणून, शेवटचा भाग उचलला: हात दिला हातात! मग दुसऱ्यांदा, फळ्या हादरवत: हात दिला हातात! दुसऱ्या वेळेला म्हणता म्हणता आपण काय म्हणतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. जन्मात पहिल्यांदा गाताना ऐकत होते गाढव!

हेडिनने टुम्मसचा हात सोडला. त्याच्या भावानेही सोडला. तो पळाला नाही. डोळे उघडून तिथेच उभा राहिला. साखळी फिरून एल्स्पा समोर आली तेव्हा तिने कारकुनाच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि टुम्मसला मध्ये ओढलं.

नाच संपल्यावर योआकिम गरजला. "मी होकार दिलेला नाही!"

"दिलास की," मारियुन म्हणाली. "सगळ्यांबरोबर दिलास. दोनदा. माझ्या कानाशीच ओरडत होतास."

साखळीत गायलेला शब्द गिळता येत नाही, हे योआकिमलाही ठाऊक होतं. कारकून पहिल्या होडीने गेला. ईस्टरनंतर टुम्मसने खाडी ओलांडली, लख्ख उन्हात, आणि मिक्याल हट्टाने त्याच्या होडीत बसला, का, तर वाट चुकू नये म्हणून.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. माझं दुखणं पुढे आहे.

लग्नात टुम्मसने मला स्वतः म्हटलं, गायीसकट, हसत हसत. आणि त्याच दिवशी माझी नांगी गेली. आता माझ्यावर रागवायला कुणी उरलं नाही. रीतीप्रमाणे मी मरायला हवा होतो. ते नाही झालं, मला लग्नाचं गाणं करून टाकलं! हळू म्हणतात. बायका डोळे पुसतात. मी चेष्टा करायला जन्मलेला, मला ही काय शिक्षा?

बरं, लग्नाचं तर लग्नाचं, पण निदान अख्खा म्हणाल की नाही? कुणीतरी म्हणालं, शुभकार्यात गाय कशाला? गाय गेली. मग कुणाला धुकं अपशकुनी वाटलं. धुकं गेलं. ओघाची कडवी लांबतात म्हणून गेली. गोड तेवढं ठेवलं आणि काटे म्हणून फेकलं तो माझा कणा होता.

"माझं कडवं खाल्लं रे मेल्यांनो," मारियुन मरेपर्यंत भांडत राहिली. "तंगडी मी खाल्ली, पण कडवं तुम्ही खाल्लंत." कुणी मनावर घेतलं नाही. ती गेली, मग मिक्याल गेला. एल्स्पा नाचाला येत होती तोवर मला काळजी नव्हती. कुणी मला तोडून म्हटलं की ती भर साखळीत हात झटकायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. मग तिचे पाय थकले, बरीच वर्षं ती नाचाला आलीच नाही, आणि मागच्या हिवाळ्यात तीही गेली.

या नाताळला टुम्मस नाचाला आला होता. ऐंशीच्या घरातला म्हातारा, भिंतीकडेच्या बाकावर काठी टेकून बसलेला. नव्या पोवाडे धरणाऱ्याने मला उचललं, त्याच्याकडे बघून, मोठ्या मानाने. अर्धी होडी, थोड्या मेंढ्या. विस्तव मी राखीन. हात दिला हातात. झालं. संपलो मी.

"आणि मधलं?" टुम्मस म्हणाला.

"कुठलं मधलं, आजोबा?"

"धुकं. ओघ. मारियुन."

"पोवाडा तेवढाच आहे, आजोबा. आम्ही तेवढाच शिकलो."

"तेवढाच?" म्हातारा काठीवर भार देऊन उठला. "म्हणजे मी घरून निघालो, आणि तिने लगेच हात दिला? एवढं सोपं होतं होय रे?"

मग त्याने एकट्याने मला सुरुवातीपासून धरलं. पालुपद उचलायला कुणाला येत नव्हतं, तेही तोच म्हणत होता. धुक्यापर्यंत आला, ओघापर्यंत आला, आणि त्याला धाप लागली. गायीपर्यंत पोचलो नाही आम्ही. पोरांनी त्याला अदबीने बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि दुसरा पोवाडा सुरू केला. अदब! हसले असते तरी चाललं असतं.

आज माझी स्थिती अशी आहे. ज्याला छळायला मी जन्मलो, फक्त त्याच्याच तोंडात मी अख्खा उरलोय. रोज सकाळी तो चुलीपुढे वाकतो, राख बाजूला सारतो, रात्री झाकून ठेवलेला विस्तव फुंकतो आणि मला म्हणतो, धुक्यापासून गायीपर्यंत, अधूनमधून थांबत. निजलेलं माणूस त्या घरात आता कुणी नाही. विस्तव मात्र त्याने एकदाही विझू दिलेला नाही.

म्हणून स्कोरावीकच्या पोरांनो, एवढं ऐका. आमच्याकडे पोवाडा तोंडातच राहतो, आणि हे तोंड आता फार दिवस टिकायचं नाही. त्याचा मान ठेवू नका, पाणी देऊन बसवू नका. तुमच्यातले दोन दांडगे पुढे या, त्याला मध्ये घ्या, दोन्ही बाजूंनी त्याचे हात घट्ट धरा, आणि मी संपेपर्यंत सोडू नका.